एकाच सेकंदात झालेली खाती

"हे सगळं फुकट, मग यात तुमचं काय?" असं मुख्याध्यापक बाईंनी मला विचारलं तेव्हा मी नुसता हसलो. ते हसणं त्यांच्या मनात राहिलं होतं, हे मला पुढे कळलं.

मी नाशिकमधल्या एका शाळेत संगणक शिकवत होतो. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये तीस मशिनं होती, आणि ती सगळी एका सर्व्हरला वायरींनी जोडलेली होती. मुलांनी, शिक्षकांनी जे काही लिहायचं ते त्या सर्व्हरवर जायचं. पण सगळ्या शाळेला मिळून खातं एकच. कोणीही कोणाचंही उघडायचं, पुसायचं. सातवीतल्या मुलींनी आठवडाभर खपून केलेला तक्ता एका तासात नाहीसा झाला, आणि तो कोणी पुसला हे मला सांगता आलं नाही. त्या मुली रडल्या नाहीत. एकमेकींकडे बघत बसल्या. त्यांच्यातल्या दोघी नंतर वर्षभर बोलत नव्हत्या.

तेव्हा मी प्रोग्राम लिहायला घेतला. वर्गांच्या याद्या दिल्या की प्रत्येक मुलाचं वेगळं खातं उघडायचं, प्रत्येकाला पासवर्ड द्यायचा, जून आला की सहावीची मुलं आपोआप सातवीत सरकवायची आणि दहावी सुटलेल्यांची खाती बंद करायची, एवढंच त्याचं काम. सर्व्हरवर लिनक्स होतं. ते मला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मिळालं होतं. परक्या माणसांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं ते काम मी वापरत होतो, म्हणून माझं कामही मोकळं ठेवायचं ठरवलं. कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत बसून मी ते इंटरनेटवर चढवलं. कोणीही घ्यावं, आतला कोड वाचावा, बदलावा.

आमचं घर दिंडोरीकडचं, द्राक्षाचं. नव्या वाणाची काडी कोणी फुकट दिली, की वडील आधी तिला रोग आहे का ते उन्हात धरून बघायचे. मी प्रोग्राम फुकट वाटतोय हे ऐकल्यावर ते म्हणाले, "घेणारा काय म्हणंल, याच्यात काहीतरी असणार."

शाळेतही तेच झालं. आम्हाला मशिनं पुरवणारा एक माणूस होता. त्याच्याकडे असाच एक प्रोग्राम विकायला होता. त्याने संस्थेच्या एका विश्वस्तांच्या कानावर घातलं, की सरांनी कुलूप कसं बनवलंय त्याचा नकाशा भर चौकात लावलाय. विश्वस्तांनी मला बोलावून विचारलं, "कोणीही वाचू शकतो?"

"हो."

"मग चोरही वाचेल."

मी त्यांना समजावलं, की जास्त डोळ्यांनी वाचलं तर चुका लवकर सापडतात. ते ऐकून घेत होते, पण त्यांची नजर माझ्या हातातल्या फ्लॉपीच्या डबीवर होती.

तरी वर्षभर सगळं नीट चाललं. शिक्षकांना मी अनुक्रमांकाने खाती दिली होती, नावांचा घोळ नको म्हणून. प्रोग्रामने दिलेला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ज्याच्या त्याच्या हातात दिला. शिवाय एक सोय केली होती, तिचा मला अभिमान होता. खातं उघडलं की पहिल्याच ओळीत दिसायचं, याआधी हे खातं कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मशिनवर उघडलं होतं.

दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आधी विज्ञानाच्या बाई लॅबमध्ये आल्या आणि दाराशीच थांबल्या.

"सर, गुरुवारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी नववीच्या वर्गावर होते."

"बरं."

"माझं खातं त्या वेळी सात नंबरच्या मशिनवर उघडलंय. आणि त्यात दहावीची प्रश्नपत्रिका आहे."

अर्ध्या तासात मी मुख्याध्यापक बाईंसमोर उभा होतो. त्या आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पुढ्यातले कागद एकसारखे केले.

"पासवर्ड नसताना कोणाचंही खातं उघडता येतं, अशी माणसं शाळेत किती?"

"एक."

"कोण?"

"मी."

त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं. विज्ञानाच्या बाईंनी नवी प्रश्नपत्रिका हाताने लिहून काढली आणि परीक्षेच्या सकाळपर्यंत ती पर्समधून बाहेर काढली नाही. लॅबची किल्ली रोज संध्याकाळी कार्यालयात जमा करायची, असा निरोप शिपाई घेऊन आला. शिक्षक-खोलीत मी शिरलो की बोलणं थांबत नसे, विषय बदलत असे. भूगोलाचे सर एकदम पावसाबद्दल बोलू लागत, आणि दिवस थंडीचे होते. "मग यात तुमचं काय?" या प्रश्नाचं उत्तर आता सगळ्यांना मिळालं होतं.

मी काही केलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी केलं होतं. या विचाराने मी किती बदललो, ते आता लिहिताना बरं वाटत नाही.

सात नंबरचं मशीन खिडकीच्या कोपऱ्यात होतं. त्याचा पडदा दाराकडून दिसत नसे. दुपारच्या मोकळ्या तासाला तिथे रोज एकच व्यक्ती बसायची, आमच्या ग्रंथपाल बाई. पन्नाशीच्या आसपासच्या, पेठकडच्या, फार न बोलणाऱ्या. शाळेला ग्रंथालयाची यादी संगणकावर हवी होती, म्हणून मीच त्यांना टंकायला शिकवलं होतं. यादी केव्हाच संपली होती. तरी त्या येत होत्या. मी जवळून गेलो की पडद्यावरचं पान झाकलं जायचं. हे मी आधीही पाहिलं होतं, पण आता त्याला अर्थ आला. त्यांच्या जावेची मुलगी दहावीत आहे, हेही मला त्याच आठवड्यात कळलं. कळलं म्हणजे, मी विचारत फिरलो.

सर्व्हरवर मला कोणतंही दार बंद नव्हतं. एका सकाळी प्रार्थना चालू असताना मी त्यांचं खातं आतून उघडलं. माझं उघडणं त्यांच्या पहिल्या ओळीत दिसत नसे. ती ओळ मीच लिहिली होती, आणि तिच्यातून स्वतःला वगळलं होतं. तेव्हा वगळताना काही वाटलं नव्हतं.

ग्रंथालयाच्या याद्यांखाली एक लांबलचक फाईल होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले शब्द, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. 'पोसा', तीन. 'बाहास', तीन. आणखी शेकडो, मला न कळणारे. काहींपुढे सात, काहींपुढे अकरा. अर्थ कुठेच नाही.

मला हर्ष झाला, हे खोटं कशाला सांगू. ते पासवर्ड आहेत असंच मला वाटलं. आकडे म्हणजे शिक्षकांचे अनुक्रमांक. मी ते शब्द कागदावर उतरवून घेतले आणि रिकाम्या तासाला एकेक करून विज्ञानाच्या बाईंच्या खात्यावर लावून पाहिले. एकही लागला नाही. तेव्हा मला वाटलं, बाई हुशार आहेत, त्यांनी बदलून ठेवलेत. रोज सकाळी मी ती फाईल उघडू लागलो. रोज तिच्यात आठ-दहा शब्द वाढलेले असत. दुपारी बाई आल्या की मी त्यांच्या हातांकडे बघत बसायचो. एकदा त्यांनी मान वर केली, आणि आमची नजरानजर झाली. त्यांनी पदर सावरला आणि खुर्ची आणखी आत ओढून घेतली.

याच दिवसांत मला एक ईमेल आला. पाठवणारा सटाण्याकडच्या एका शाळेतला शिक्षक होता. त्याने माझा प्रोग्राम उतरवून घेतला होता. इंग्रजीत चारच ओळी. त्यातली शेवटची मी दोनदा वाचली. 'तुमच्या शाळेत दोन शिक्षकांचा पासवर्ड एकच आहे का, ते एकदा बघा.'

याला कसं कळलं? मी ओळखत नसलेला, दोन-अडीच तासांच्या अंतरावरचा माणूस माझ्या शाळेच्या पासवर्डबद्दल बोलतो. पुरवठादाराचा कोणी असेल. किंवा तोच आत शिरला असेल आणि आता हात वर करून दाखवत असेल. सर्व्हरवर पासवर्ड उघड्या अक्षरांत राहत नाहीत, त्यामुळे मलाही ते बघून सांगता येईना, आणि चिठ्ठ्या मी तेव्हाच वाटून टाकल्या होत्या. मी उत्तर दिलं नाही. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर सीबीएस स्टँडवरून सटाण्याची एसटी धरली. तोंड बघितल्याशिवाय मला काही पटणार नव्हतं.

सटाण्याच्या बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, त्यामुळे बस बाहेरच थांबली आणि मी चालत गेलो. शाळा शोधायला वेळ लागला नाही. वर्ग सुटले होते, पण लॅब उघडी होती. तो माणूस माझ्यापेक्षा वयाने मोठा, गणिताचा शिक्षक. त्याच्या लॅबमध्ये फक्त पाच मशिनं, आणि त्यांतलं एक बंद पडलेलं. मी कोण ते सांगितल्यावर त्याने आधी माझ्यासाठी पाणी मागवलं.

"तुम्ही उत्तर पाठवायचं. एवढ्या लांब आले?"

"तुम्हाला आमच्या शाळेचं कसं कळलं, ते विचारायला आलोय."

माझा सूर त्याला कळला असावा. तो रागावला नाही. त्याने फक्त माझ्यासमोर माझ्याच कोडचा कागद ठेवला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपणं केलेली होती. माझं लिहिलेलं इतक्या काळजीने कोणी वाचलेलं मी पहिल्यांदा बघत होतो, आणि तरी मनात आलं, याला एवढा वेळ कशासाठी मिळतो?

"तुमना प्रोग्राममा एक भोक शे, सर," तो म्हणाला, आणि मग माझ्यासाठी सावकाश मराठीत सांगू लागला. "तुम्ही पासवर्ड घडाळ्यावरून काढता. त्या वेळचा सेकंद घ्यायचा, त्याच्यावरून अक्षरं ठरवायची. प्रत्येक खात्याला पुन्हा घड्याळ बघायचं. बरोबर?"

"बरोबर."

"एक खातं व्हायला किती वेळ लागतो?"

"घरी बघितलं तेव्हा दोन-तीन सेकंद लागत होते."

"घरचं मशीन जुनं आसंल. आमच्या याच मशिनवर एका सेकंदात दोन होतात. सेकंद तोच, म्हणजे पासवर्ड तोच. आमच्याकडे शिपाई आणि मुख्याध्यापक एकाच सेकंदाला झाले." तो थोडं हसला. "तुमचा सर्व्हर याच्यापेक्षा चांगला आसंल. म्हणून विचारलं. माहीत नव्हतं, अंदाज केला."

मी तो कागद परत परत वाचला. कुठेच पळवाट नव्हती. घड्याळ एकदाच, सुरुवातीला बघायला हवं होतं. मी ते प्रत्येक फेरीत बघत होतो. एका ओळीची जागा चुकली होती.

परतीच्या बसमध्ये मी शिक्षकांची यादी आठवत बसलो. विज्ञानाच्या बाई पंधरा नंबर. चौदा नंबर कोण, ते आठवायला मन धजावेना, कारण ते मला माहीत होतं.

सोमवारी दुपारी लॅब रिकामी असताना मी ग्रंथपाल बाईंसमोर खुर्ची ओढून बसलो. पासवर्डचं सांगितलं. मग विचारलं, "बाई, त्या गुरुवारी तुमच्या हातून चौदाच्या जागी पंधरा पडलं होतं का?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"चष्मा घरी राहिला होता," त्या म्हणाल्या. "नेहमीचा पासवर्ड घातला, उघडलं. बघते तर पानं माझी नाहीत. लगेच बंद केलं. काय होतं त्यात, तेही वाचलं नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणाला सांगायचं? दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेत चोर शोधत होते. मी म्हटलं असतं, आपोआप उघडलं, तर तुमचा विश्वास बसला असता?"

मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"आणि तुम्ही तर दोन आठवडे माझ्याकडे तसंच बघताय."

आता मलाही सांगणं भाग होतं. मी तुमची फाईल वाचली, एकदा नाही, रोज, असं सांगितलं. शब्द उतरवून पासवर्ड म्हणून लावून पाहिले, तेही सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला तो तिथे. आधीच्या संशयाने त्या दुखावल्या नव्हत्या, त्याची त्यांना जणू सवय होती.

"ते आमच्याकडच्या बोलीतले शब्द आहेत," त्या म्हणाल्या. "पोसा म्हणजे मुलगा. बाहास म्हणजे बाप. पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घेते, सुट्टीत गेले की. तीन म्हणजे माझी मावशी. सात म्हणजे एक शेजारीण. कोणी सांगितला त्याचा आकडा."

"अर्थ का लिहिला नाही?"

"अर्थ मला माहीत आहे."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इथे नोकरीला लागले तेव्हा शिक्षक-खोलीत एकदा तोंडातून असा शब्द गेला होता. वर्षभर मला त्याच शब्दाने हाक मारत होते. म्हणून अर्थ लिहीत नाही. कोणी उघडलं तरी कळू नये."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की पुरे म्हणण्याची, हे मला कळलं नाही.

"ते पुसून टाका," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर फाईल पुसली. पडद्यावर रिकामी यादी आली.

"खरंच गेलं?"

"गेलं."

"हे मला कसं कळणार?"

बॅकअपच्या टेपवर ते अजून होतं. ते मला आठवलं, आणि मी तेही सांगितलं. मग कपाटातून टेप काढून ती पुसायला लावली. ती पुसली जाईपर्यंत त्या हाताची घडी घालून तिथेच बसून होत्या. शब्द उतरवलेला कागद मी खिशातून काढून दिला. तो त्यांनी वाचला नाही, चार घड्या करून ब्लाऊजमध्ये खोचला.

मुख्याध्यापक बाईंना मी सगळं सांगितलं, फक्त त्या शब्दांचं सोडून. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे चूक तुमची."

"हो."

"आणि ती सटाण्याच्या माणसाने शोधली. विश्वस्त म्हणत होते, चोर वाचेल."

"चोराआधी त्याने वाचलं."

"हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

नक्की माहीत नव्हतं. आजही नाही. मी सगळ्या शाळेचे पासवर्ड बदलले, नवा कोड सटाण्याच्या सरांनी तपासला, आणि त्यांच्या दुरुस्तीसकट तो पुन्हा सगळ्यांसाठी ठेवला. पण मुख्याध्यापक बाईंनी अट घातली. सर कोणाचं खातं आतून उघडतात, याची नोंद राहिली पाहिजे. मी म्हटलं, ठेवतो. त्यांनी विचारलं, ती नोंद तुम्हाला पुसता येईल का? मी म्हटलं, येईल. मग ती नोंद काय कामाची, त्या म्हणाल्या.

उपाय सटाण्याच्या सरांनी सुचवला. नोंद मशीनमध्ये ठेवूच नका, म्हणाले, कागदावर छापा. ज्याला तुमचं पटत नाही त्याच्या टेबलावर छापा. शाळेत एक जुना, खडखडणारा प्रिंटर होता, ज्याला जोडकागदाची लांब पट्टी लागते. तो कुठे ठेवायचा, हे शिक्षकांच्या सभेत विचारलं गेलं तेव्हा कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "माझ्याकडे जागा आहे."

तेव्हापासून मी कोणाच्याही खात्यात शिरलो, की खाली ग्रंथालयात तो प्रिंटर एक ओळ छापायचा. कोणी पासवर्ड विसरलं, कोणाची फाईल अडकली, काहीही असो. शेवटच्या तासाला बाई पट्टी फाडून घ्यायच्या, आणि दर शनिवारी मला खाली बोलावून एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायच्या, "हे कशासाठी?" मी कारण सांगायचो. त्या ते पेन्सिलीने पुढे लिहायच्या आणि पटलं असेल तरच खूण करायच्या. काही ओळी खुणेवाचून राहिल्या. पहिल्या वर्षी मला हे अपमानासारखं वाटे. दुसऱ्या वर्षी मी आत शिरण्याआधीच कारण मनात जुळवू लागलो, आणि कारण जुळलं नाही तर शिरत नसे.

लॅबमध्ये त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत. चार वर्षांनी मी शाळा सोडली तेव्हा निरोप घ्यायला ग्रंथालयात गेलो. वाचनाच्या लांब टेबलावर शंभरपानी वह्यांची चवड होती, वर वर्तमानपत्र टाकलेलं; त्याच्या कडेखालून हाताने लिहिलेले शब्द आणि त्यांच्यापुढचे आकडे दिसत होते. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. त्या बोलता बोलता उठल्या, वह्या उचलून कपाटात ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं, आणि मग मला चहा विचारला.